दुकान मिटल्यानंतरची वाट : बंगळूरमधील दुकान-कामगारांची सायंपाळी आणि कायद्याची दृष्टी

कामगार-इतिहासाच्या मराठी लेखनात गिरणीच्या भोंग्याला मोठे स्थान मिळाले. दुकानाच्या फळीला आणि पुढच्या काळातील शटरला ते मिळाले नाही. याचे एक कारण उघड आहे. गिरणी सुटली की शेकडो माणसे एकाच वेळी रस्त्यावर येत. दुकानातील नोकर मात्र एकेकटा, फार तर दोघे-तिघे मिळून, मालकाच्या हिशेबाची वही मिटल्यावर बाहेर पडतो. जथ्यात असलेली सुरक्षितता त्याच्या वाट्याला येत नाही, आणि जथ्यातून निर्माण होणारा आवाजही नाही. त्यामुळे संध्याकाळच्या पाळीतील दुकान-कामगारांची, विशेषतः विक्रेत्या स्त्रियांची, सुरक्षितता हा प्रश्न इतिहासाच्या पृष्ठभागावर फारसा येत नाही. तो शोधावा लागतो तो कायद्यांच्या कलमांत, न्यायालयीन निर्णयांत आणि शहराच्या रचनेत. प्रस्तुत निबंधात बंगळूर शहराच्या संदर्भात असा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातून पुढे येणारे प्रतिपादन थोडक्यात असे : कायद्याने दुकान-कामगारांची संध्याकाळ घड्याळावर मोजली, धोका मात्र बव्हंशी वाटेवर होता, आणि ज्या वेळी कायद्याने वाटेची दखल घेतली त्या वेळी ती सर्व कामगारांसाठी घेतली नाही.

१. पेठ आणि तिच्या वेशी

बंगळूरची पेठ केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसविली असे परंपरा मानते. विजापूरकरांनी हे ठाणे जिंकल्यानंतर १६३८ मध्ये ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि तेव्हापासून मराठी बोलणाऱ्या समाजांचा या पेठेशी संबंध जडला. भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी हे समाज आजही शहराच्या जुन्या भागाशी निगडित आहेत. अक्कीपेट, बळेपेट, अरळेपेट, कुंबारपेट ही नावे अनुक्रमे तांदूळ, बांगड्या, कापूस आणि कुंभारकाम यांची आठवण करून देतात. पेठेभोवती तट होता आणि हलसूर, यलहंका, आनेकल, केंगेरी अशा दिशांना वेशी होत्या. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने पेठेत प्रवेश केला तो हलसूर वेशीतूनच.

या रचनेचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. अशा पेठेत व्यापाराची रात्र वेस बंद होण्याबरोबर सुरू होत असे. दुकान खाली आणि बिऱ्हाड वर किंवा मागे, हा जुन्या पेठांचा सर्वसाधारण प्रघात होता. नोकरही पुष्कळदा मालकाच्याच आश्रयाने राहत असे. म्हणजे दुकान आणि घर यांच्यामध्ये ‘वाट’ अशी फारशी नव्हतीच. या व्यवस्थेत नोकराला मोकळीक कमी होती हे खरे. पण रात्री परतण्याचा प्रश्न तीत उद्भवत नव्हता.

हा प्रश्न निर्माण केला तो दोन घटनांनी. १८९८ च्या प्लेगने दाट वस्तीच्या पेठेची दुरवस्था उघड केली, आणि त्यानंतर बसवनगुडी व मल्लेश्वरम् या मोकळ्या वसाहती वाढीस लागल्या. निवास पेठेबाहेर जाऊ लागला, व्यापार पेठेतच राहिला. पुढे ऑगस्ट १९०५ मध्ये शिवनसमुद्र येथील जलविद्युत् केंद्राच्या विजेवर पेठेच्या परिसरात रस्त्यावरचे दिवे लागले. वीज आली तशी ग्राहकाची संध्याकाळ लांबली; वसाहती वाढल्या तशी नोकराची वाट लांबली. दिव्यांचा उजेड प्रथम बाजारात आला, आणि बाजारातून घरी जाणाऱ्या गल्ल्यांत तो पुष्कळ उशिरा पोहोचला. दुकान-कामगाराच्या सुरक्षिततेचा आधुनिक प्रश्न या दोन लांबणींच्या मधल्या अंतरात जन्माला आला, असे म्हणता येईल.

२. गुमास्त्यांचा कायदा

दुकानातील कामाचे तास बांधून देण्याची कल्पना इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात रुजली. तेथील १८८६ चा दुकान-तासांचा कायदा अल्पवयीन नोकरांपुरता होता. भारतात या प्रकारचा पहिला प्रांतिक कायदा मुंबई इलाख्याने १९३९ साली केला. त्याच्या जागी १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा आला. मराठी व्यवहारात तो ‘गुमास्ता कायदा’ या नावाने ओळखला गेला, आणि हे लोकनाम कायद्याच्या अधिकृत नावापेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे. कारण त्यात दुकानाचा नव्हे, दुकानातील माणसाचा उल्लेख आहे.

सीमाभागाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार हा प्रदेश १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, तर बीदर, भालकी, औराद हा भाग हैदराबाद राज्यात. राज्यपुनर्रचनेनंतर हे सर्व प्रदेश म्हैसूर राज्यात आले, तेव्हा एकाच राज्यात दुकानांविषयीचे अनेक कायदे एकाच वेळी लागू होते. ते एकत्र करून १९६१ चा म्हैसूर दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा झाला. १९७३ मध्ये राज्याचे नाव बदलल्यावर तो कर्नाटक कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. बेळगावच्या खडेबाजारातील मराठी गुमास्ता आणि बंगळूरच्या चिकपेटेतील कन्नड, तेलुगू, तमिळ वा मराठी गुमास्ता असे एका कायद्याखाली आले.

या कायद्याच्या मूळ स्वरूपात दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, सलग पाच तासांनंतर विश्रांती, आणि विश्रांतीसह कामाचा एकूण पसारा बारा तासांपर्यंत, अशी मर्यादा होती. शेवटची तरतूद बारकाईने पाहिली पाहिजे. कामाचे तास नऊच असले तरी पसारा बारा तासांचा असू शकत असल्याने सकाळी दहाला आलेला नोकर दुपारची सुटी धरून रात्री दहापर्यंत दुकानाशी बांधलेला राहू शकत असे. तासांची मर्यादा पाळूनही संध्याकाळ पूर्णपणे दुकानाची होई.

ग्राहकाविषयी मात्र अशा कायद्यांनी विशेष कनवाळूपणा दाखविला. मद्रासच्या १९४७ च्या कायद्यात, बंद होण्याच्या वेळी दुकानात थांबलेल्या ग्राहकाला पुढील पाव तास माल देण्याची मुभा होती. त्या पाव तासानंतर गल्ला मोजणे, माल आत घेणे, शटर ओढणे, कुलूप लावणे आणि रोकड मालकाकडे पोहोचविणे एवढी कामे शिल्लक राहतात, हे कोणाही दुकानदाराला ठाऊक आहे. दुकान-कामगाराच्या दृष्टीने दिवसातील सर्वांत जोखमीचा वेळ हाच : गिऱ्हाईक गेलेले, शेजारची दुकाने मिटलेली, हातात पैसा. या वेळेचा हिशेब कायद्याने कामाच्या तासांत केला असेल, सुरक्षिततेच्या अंगाने केला नाही.

३. ‘रात्र’ या शब्दाची व्याख्या

सुरक्षिततेचा विचार कायद्याने केला तो एका वेगळ्या मार्गाने. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्ये उद्योगांतील स्त्रियांच्या रात्रपाळीस बंदी घालणारा करार केला. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात संध्याकाळी सातनंतर स्त्रियांना कामावर ठेवण्यास मनाई होती. कर्नाटकाच्या दुकान-कायद्याच्या पंचविसाव्या कलमात हीच दृष्टी आली : कोणत्याही आस्थापनेत स्त्रीला किंवा अल्पवयीनाला रात्री काम करावयास लावू नये वा करू देऊ नये.

या कलमामागील हेतू संरक्षणाचा होता यात शंका नाही. पण त्याचे तर्कशास्त्र तपासण्याजोगे आहे. धोका रात्री आहे, म्हणून स्त्रीला रात्रीतून वगळावे, असे ते तर्कशास्त्र. धोका कोणाकडून आहे, कोठे आहे आणि तो कमी करण्याची जबाबदारी कोणावर, हे प्रश्न त्यात उपस्थित होत नाहीत. शिवाय दुकानातून वेळेवर सुटलेल्या स्त्रीच्या पुढील प्रवासाशी त्या कलमाला काही कर्तव्य नव्हते. पुरुष नोकराच्या जोखमीचा तर त्यात विचारच नव्हता.

घड्याळ हे धोक्याचे माप म्हणून किती अपुरे आहे, याचे एक उदाहरण याच शहरातील आहे. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी कॉर्पोरेशन चौकाजवळ, भर शहरात, कामावर निघालेल्या एका बँक-कर्मचारी स्त्रीवर एटीएमच्या खोलीत शटर ओढून घेऊन प्राणघातक हल्ला झाला. त्या वेळी सकाळचे सुमारे सात वाजले होते. कायद्याची रात्र संपून गेली होती. धोका ज्या गोष्टीतून निर्माण झाला ती होती एकटेपणा, बंद होऊ शकणारे दार आणि रखवालदाराचा अभाव. संध्याकाळी दुकान मिटणाऱ्या कामगाराची स्थिती याहून फार निराळी नसते.

४. २००५ ची घटना आणि वाटेची दखल

बंगळूरमध्ये माहिती तंत्रज्ञानाचा विस्तार झाल्यावर पंचविसावे कलम अडचणीचे ठरू लागले. २००२ च्या दुरुस्तीने राज्य सरकारला माहिती तंत्रज्ञान व त्यावर आधारित सेवांना या बंदीतून सूट देण्याचा अधिकार मिळाला. अट अशी होती की, आस्थापनेने स्त्री-कर्मचाऱ्यांसाठी वाहतूक आणि सुरक्षितता यांची सोय करावी. दुकान-कायद्यात घरापर्यंतच्या वाटेचा विचार येथे ठळकपणे प्रवेश करतो. मात्र ही अट केवळ संगणकीय आस्थापनांना होती. कापडाच्या किंवा औषधांच्या दुकानातील स्त्रीसाठी जुनी बंदी कायम राहिली, आणि त्या बंदीच्या आतल्या संध्याकाळी तिला वाहन देण्याचे बंधन कोणावर आले नाही.

१३ डिसेंबर २००५ रोजी बंगळूरमधील एका कॉल सेंटरची तरुण कर्मचारी रात्रपाळीसाठी निघाली असता वाहनचालकाने तिच्यावर बलात्कार करून तिची हत्या केली. चालकाला २०१० मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली. या प्रकरणातून निघालेला दुसरा खटला कामगार-इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वाहतूक व सुरक्षिततेची अट पाळली गेली नाही, अशी तक्रार दुकान-कायद्याखाली कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांविरुद्ध दाखल झाली. ती रद्द करण्याची मागणी ‘सोम मित्तल विरुद्ध कर्नाटक सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केली नाही. हा निर्णय दोषाविषयी नव्हता. तक्रारीची चौकशी न्यायालयात व्हावी एवढाच त्याचा अर्थ. तरीही कामाच्या जागेबाहेर, वाटेवर घडलेल्या घटनेच्या संदर्भात मालकाची जबाबदारी तपासता येते, हे त्यामुळे अधोरेखित झाले. त्या कलमाखालील शिक्षा मात्र एक हजार रुपयांपर्यंत दंडाची होती. कायद्याने वाटेचे मोल किती मानले होते, ते या आकड्यावरून कळते.

महाराष्ट्रातील वाचकांना १ नोव्हेंबर २००७ ची पुण्याजवळील गहुंजे येथील घटना येथे आठवेल. तीही कामावर जाणाऱ्या तरुणीची आणि तीतही चालकच गुन्हेगार होता. याच सुमारास, डिसेंबर २००७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अनुज गर्ग प्रकरणात मद्यविक्रीच्या ठिकाणी स्त्रियांना काम करण्यास असलेली बंदी रद्द केली. स्त्रीला कामापासून दूर ठेवण्यापेक्षा तिला सुरक्षितपणे काम करता येईल अशी व्यवस्था करणे हे राज्याचे कर्तव्य होय, असा त्या निर्णयाचा रोख होता. बंदीकडून जबाबदारीकडे असा हा वैचारिक बदल होता.

५. संमती आणि संख्या

हा बदल पुढील दशकात कायद्यांत उतरला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना त्यांच्या संमतीने काम देण्याची मुभा दिली. त्याचबरोबर प्रतिष्ठा व सुरक्षिततेचे संरक्षण आणि दारापर्यंत वाहन या अटी घातल्या. कर्नाटकाने २०२० मध्ये पंचविसावे कलम बदलले आणि लेखी संमती, वाहतूक व सुरक्षारक्षक यांसारख्या अटींवर रात्री आठ ते सकाळी सहा या वेळेत स्त्रियांना सर्व आस्थापनांत काम करता येईल असे ठरविले. जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने दहा वा अधिक कामगार असलेल्या दुकानांना तीन वर्षांसाठी चोवीस तास उघडे राहण्याची परवानगी दिली.

येथे दोन शब्द चिकित्सेस पात्र आहेत. पहिला ‘संमती’. मोठ्या आस्थापनेत पाळी नाकारणारी कर्मचारी दुसरी पाळी मागू शकते. तीन माणसांच्या दुकानात पाळी एकच असते. तेथे संध्याकाळ नाकारणे म्हणजे नोकरी नाकारणे. दुसरा शब्द ‘दहा’. २०१७ चा महाराष्ट्राचा मूळ कायदा आणि २०२१ ची कर्नाटकाची अधिसूचना या दोन्ही ठिकाणी दहा ही संख्या उंबरठा म्हणून येते. चिकपेट, अव्हेन्यू रोड किंवा बळेपेट येथील अरुंद गाळ्यांत दहा माणसे उभीसुद्धा राहू शकत नाहीत. २००४ पासून कोरमंगलासारख्या भागांत उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये पहारेकरी, कॅमेरे व दिवे असतात. पण तेही इमारतीच्या फाटकापर्यंत. लहान दुकानातील कामगाराला पहारा नाही आणि वाहनही नाही. लहान दुकानदारालाही स्वतंत्र वाहन परवडणारे नाही, हेही तितकेच खरे. म्हणून हा प्रश्न केवळ मालकाच्या नीतिमत्तेवर सोपवून सुटणार नाही.

दुकान-कामगारांनी स्वतः प्रश्न मांडला की त्याचे रूप बदलते, हे केरळात दिसले. कोझिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजारातील विक्रेत्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी दीर्घ काळ चळवळ केली आणि २०१८ मध्ये राज्याच्या दुकान-कायद्यात तो हक्क आला. तो विषय वाटेचा नव्हता. पण बाजारपेठ हेच संघटनेचे एकक होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. एका दुकानात दोन माणसे असतील, एका रस्त्यावर दोनशे असतात.

समारोप

बंगळूरच्या अनुभवातून एक विसंगती पुढे येते. लहान दुकानातील कामगाराची वाट सुकर करणाऱ्या अलीकडच्या गोष्टी दुकान-कायद्यातून आलेल्या नाहीत. जून २०१७ मध्ये चिकपेट व के. आर. मार्केट येथे मेट्रोची भुयारी स्थानके सुरू झाली. २०१८ मध्ये निर्भया निधीतील सुरक्षित शहर योजनेसाठी निवडलेल्या आठ महानगरांत बंगळूर होते. जून २०२३ मध्ये ‘शक्ती’ योजनेने राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसगाड्यांतून मोफत प्रवास मिळाला. या सर्व सोयी नागरिक म्हणून, प्रवासी म्हणून वा स्त्री म्हणून मिळाल्या. कामगार म्हणून नव्हेत. त्यांच्या वेळा बाजाराच्या वेळांशी जुळतात की नाही, शेवटची गाडी शटर पडण्याआधी सुटते की नंतर, हे पाहण्याचे बंधन कोणत्याही कामगार-कायद्याने कोणावर घातलेले नाही.

जुन्या पेठेत वेस राखण्याचे काम एकट्या दुकानदाराचे नव्हते. ते पेठेचे होते. वेस गेली, तट गेला, पण रात्रीच्या पहाऱ्याची ती सामुदायिक जबाबदारी कोणाकडे गेली याची नोंद कोणत्याही कायद्यात सापडत नाही. दुकाने उघडी ठेवण्याची वेळ वाढविणाऱ्या प्रत्येक आदेशासोबत त्या बाजारातील शेवटची बस, दिवे आणि पहारा यांची वेळही ठरविली जावी, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही. ग्राहकासाठी पाव तास राखून ठेवणाऱ्या कायद्याला त्यानंतरचा अर्धा तास कामगारासाठी मोजणे अशक्य नसावे.