अधिकारितेचा अभाव आणि फौजदारी खटल्यांचे हस्तांतरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

दंडाधिकाऱ्यास एखादा खटला चालविण्याचा अधिकार नसेल, तर तो अधिकार असलेल्या दंडाधिकाऱ्याकडे वर्ग करावा, हे फौजदारी प्रक्रियेचे सर्वमान्य तत्त्व होय. सामान्यतः ही अधिकारिता गुन्ह्याचे स्थळ, गुन्ह्याचे स्वरूप व शिक्षेची मर्यादा यांवरून ठरते. ब्रिटिश भारतात मात्र ती आरोपीच्या वंशावरूनही ठरत असे. प्रस्तुत लेखात या विषमतेचा उगम व अंत यांचा आढावा घेतला आहे.

वंशाधारित अधिकारिता :

1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतरही मोफसिल भागातील युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवरील गंभीर आरोपांची सुनावणी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील उच्च न्यायालयांतच होत असे. फिर्यादी व साक्षीदार यांना शेकडो मैलांचा प्रवास करावा लागे. न्याय कागदावर उपलब्ध असला तरी गरीब रयतेच्या तो आवाक्याबाहेर होता.

1872 च्या संहितेने हे खटले मोफसिल न्यायालयांत आणले. परंतु ते चालविणारा दंडाधिकारी प्रथम वर्गाचा, ‘जस्टिस ऑफ द पीस’ आणि स्वतः युरोपीय ब्रिटिश प्रजाजन असावा, अशी अट घातली. त्यास तीन महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड इतकीच शिक्षा देता येई. 1882 च्या संहितेतही ही अट कायम राहिली. भारतीय दंडाधिकाऱ्यास अशा गुन्ह्याची दखल घेता येई. मात्र आरोपीस बोलावणारे समन्स अधिकार असलेल्या दंडाधिकाऱ्यापुढे हजर होण्यासाठीच काढावे लागे. म्हणजे तक्रार ऐकणारा एक आणि न्याय देणारा दुसरा!

इल्बर्ट विधेयक :

या व्यवस्थेतील विसंगती बिहारीलाल गुप्ता या सनदी अधिकाऱ्याने 1882 मध्ये बंगाल सरकारच्या निदर्शनास आणली. कलकत्त्यात प्रेसिडेन्सी दंडाधिकारी असताना त्यांना युरोपीय आरोपींचे खटले चालविता येत. मोफसिलात वरच्या पदावर गेल्यास मात्र तो अधिकार संपुष्टात येणार होता. बढतीबरोबर अधिकार घटावा, हे तर्कदुष्ट होते. 1883 मध्ये कायदा सदस्य सर कोर्टनी इल्बर्ट यांनी मांडलेल्या विधेयकास युरोपीय समाजाने तीव्र विरोध केला. अखेर 1884 च्या तडजोडीनुसार भारतीय जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश यांना अधिकार मिळाला. पण किमान निम्मे सदस्य युरोपीय अथवा अमेरिकन असलेली ज्युरी मागण्याचा हक्क आरोपीस देण्यात आला. अशी ज्युरी मिळणे शक्य नसल्यास खटला अन्यत्र वर्ग करण्याची सोय होती. हस्तांतरणाची तरतूद येथे न्यायाच्या सोयीसाठी नव्हे, तर विशेषाधिकाराच्या रक्षणासाठी वापरली गेली.

समान तत्त्वाकडे वाटचाल :

1898 च्या संहितेतील कलम 346 चे स्वरूप निराळे होते. खटला आपल्या अधिकारात येत नाही असे पुराव्यावरून दिसल्यास दंडाधिकाऱ्याने कामकाज थांबवून संक्षिप्त अहवालासह तो योग्य दंडाधिकाऱ्याकडे पाठवावा, असे ते सांगत होते. वांशिक तरतुदी मात्र याच संहितेत नांदत होत्या. सर तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालील समितीनंतर 1923 च्या कायद्याने त्या बऱ्याच अंशी सौम्य झाल्या. स्वतंत्र भारतात 1949 च्या कायद्याने त्या नष्ट झाल्या. कलम 346 चे तत्त्व 1973 च्या संहितेत कलम 322 म्हणून आले आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 361 म्हणून समाविष्ट आहे.

निष्कर्ष :

खटला वर्ग करणे ही वरकरणी तांत्रिक बाब वाटते. परंतु अधिकारिता कोणत्या निकषावर नाकारली जाते, यावर तिचे न्याय्यत्व अवलंबून असते. स्थळ व गुन्ह्याचे स्वरूप हे निकष सर्वांना समान लागू होतात. वंशाचा निकष न्यायाधीशालाच दुय्यम ठरवितो. 1884 ते 1949 हा प्रवास म्हणजे प्रक्रियेतील समानतेसाठी मोजावा लागलेला पासष्ट वर्षांचा काळ होय. म्हणूनच कलमांचा अभ्यास त्यांच्या इतिहासासह होणे आवश्यक आहे.