सिगारेटच्या पाकिटातील लाखमोलाचे कार्ड

जेमतेम अडीच इंच उंचीचा जाड कागदाचा एक तुकडा. त्यावर केशरी पार्श्वभूमीवर मधोमध भांग पाडलेल्या बेसबॉलपटूचा चेहरा. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत असे एक कार्ड ७२ लाख ५० हजार डॉलरना विकले गेले. शतकापूर्वी ते सिगारेटच्या पाकिटासोबत फुकट मिळत होते!

त्या काळी सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतील सिगारेटी मोडू नयेत म्हणून त्यांत एक जाड कार्ड घालण्याची पद्धत होती. या कार्डावर खेळाडूंची चित्रे छापली, तर ग्राहक पुन्हा पुन्हा तेच पाकीट घेईल, हे व्यापाऱ्यांनी ओळखले. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात पाचशेहून अधिक कार्डांची रंगीत मालिका काढली. जेफर्सन बर्डिक या संग्राहकाने पुढे आपल्या सूचीत तिला ‘टी-२०६’ हा क्रमांक दिला. बर्डिक यांचा प्रचंड संग्रह आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे.

या मालिकेचा मुकुटमणी म्हणजे पिट्सबर्ग संघाचा शॉर्टस्टॉप होनस वॅग्नर याचे कार्ड. त्याची छपाई अल्पावधीतच थांबली. आपल्या चित्राच्या मोहाने मुलांनी सिगारेटी विकत घ्याव्यात हे वॅग्नरला रुचले नाही, असे एक मत आहे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे. त्यामुळे खरा वाद मोबदल्याचा होता, असे दुसरे मत. कारण काहीही असो, आज या कार्डाच्या पन्नास-साठच्या आसपासच प्रती ज्ञात आहेत.

यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रत १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतली. कार्डांची अवस्था तपासून त्यांना १० पैकी गुण देणाऱ्या ‘पीएसए’ या संस्थेने गुण दिलेले हे पहिलेच कार्ड. त्याला ८ गुण मिळाले. २००७ मध्ये त्याची किंमत २८ लाख डॉलरवर गेली.

मात्र गुणांना असा पैशाचा भाव आला, तशी कात्रीही चालू लागली. झिजलेली कड कापली की कार्ड नवे दिसते. पण संग्राहकांच्या लेखी कापलेले कार्ड खोटेच. याच कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली त्याचे पूर्वीचे मालक व लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली. गुणपत्रिकेवर विसंबणाऱ्या साऱ्या बाजाराला हा धक्का होता.

तरीही भाव ओसरले नाहीत. २०२१ मध्ये दुसरी एक प्रत ६६ लाख डॉलरना गेली आणि २०२२ मध्ये तर निम्म्यात फाटलेल्या वॅग्नरलाही पावणेपाच लाख डॉलर मिळाले. मात्र जुने ते सारेच सोने नव्हे. याच मालिकेतील सामान्य खेळाडूचे झिजलेले कार्ड आजही शंभर डॉलरच्या आसपास मिळते. वय दोघांचे सारखेच. फरक आहे तो उरलेल्या प्रतींचा, खेळाडूच्या नावाचा आणि त्यामागील कहाणीचा.