८ डाऊन चारबागला पोचण्याआधी

नऊ वर्षं आधी

डिसेंबर १९१६. काँग्रेस अधिवेशनासाठी लोकमान्य टिळक लखनौला आले. मंडालेहून सुटून त्यांना अडीच वर्षं झाली होती. स्वागत समितीचा बेत असा, की स्टेशनातून मोटारीत बसवायचं आणि फार गाजावाजा न करता मुक्कामी पोचवायचं. शाहजहाँपूरचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा आणि एम.ए.चा एक विद्यार्थी त्या मोटारीपुढे आडवे झाले, हलेनात. शेवटी भाड्याची घोडागाडी आणली, घोडे सोडले आणि पोरांनीच ती ओढत मिरवणूक काढली. तो मुलगा म्हणजे रामप्रसाद बिस्मिल. गांधी आणि जवाहरलाल यांची पहिली भेटही याच दिवसांतली, याच चारबाग स्टेशनातली. बिस्मिलना मात्र लखनौत आणखी एका गोष्टीचा सुगावा लागला. गुप्तपणे काम करणारी एक समिती आहे, हे त्यांना इथे कळलं.

साडेतीन वर्षं आधी

फेब्रुवारी १९२२. चौरीचौऱ्याच्या हिंसेनंतर गांधींनी असहकार थांबवला. शाळा-कॉलेजं सोडून बाहेर पडलेली हजारो पोरं रस्त्यावर उभी राहिली, पुढे काय करायचं ते कुणीच सांगेना. त्यांतल्या काहींची १९२४ मध्ये ‘हिंदुस्तान रिपब्लिकन असोसिएशन’ झाली. हत्यारांना पैसा हवा होता. तो उभा करायला त्यांनी खेड्यांतल्या सावकार-जमीनदारांच्या घरांवर दरोडे घातले. त्यांत माणसं मेली आणि हाती लागलं ते नगण्य. आपल्याच लोकांना लुटून आपलं राज्य कसं आणणार, हा सल बिस्मिलना लागून राहिला. पैसा सरकारचाच घ्यायचा, असं मग ठरलं.

काही दिवस आधी

बिस्मिल गाडीने येत होते, गार्डच्या डब्याजवळ बसून. एका स्टेशनवर मास्तरने एक थैली आणून त्या डब्यात दिली, आणि आतून काहीतरी खडखडलं. त्यांनी उतरून पाहिलं. लोखंडी पेटी होती, आणि पुढच्या स्टेशनवर थैली तिच्यातच पडताना दिसली. ती डब्याला साखळीने जखडलेली असणार, असं त्यांना वाटलं. थोड्या दिवसांनी चारबागला जायचा योग आला, तेव्हा त्यांनी नीट पाहिलं. हमालांनी पेट्या सरळ उचलून फलाटावर ठेवल्या. साखळी नाही, काही नाही.

त्या थैल्यांत होती स्टेशनांची रोजची वसुली. तीत तिसऱ्या वर्गाच्या खिडकीवर मोजलेली चिल्लर होती, बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याचं, माहेराहून परतणाऱ्या बाईचं, कोर्टाची तारीख गाठायला निघालेल्या कुळाचं भाडं. गुलामीतलं रोजचं जगणं मला त्या पेटीइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. लाकडी बाकावर दाटीवाटीने बसायचं, आणि आपलाच आणा त्याच गाडीच्या शेपटाला साहेबाच्या पेटीत पडून आपल्यासोबत लखनौला जायचा.

दोन दिवस आधी

७ ऑगस्ट १९२५, शाहजहाँपूर, बिस्मिल यांचं घर. बैठकीत ८ डाऊन सहारनपूर–लखनौ पॅसेंजर ठरली. विरोध एकट्या अशफाकउल्ला खानांचा. त्यांचं म्हणणं असं, की आपली संघटना अजून कच्ची आहे. सरकारी पैशाला हात लावला, तर सरकार सगळी ताकद लावून आपल्याला चिरडेल. बहुमत विरुद्ध गेलं. अशफाकनी मत मागे घेतलं नाही, पण कामात मात्र पुढे राहिले. पुढचे अडीच वर्षांचे कागद वाचताना त्यांचा शब्द न् शब्द खरा ठरलेला दिसतो.

एक दिवस आधी

८ ऑगस्टला पहिला प्रयत्न. उशीर झाला आणि गाडी निघून गेली.

रविवार, ९ ऑगस्ट, दुपार

लखनौहून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीने दहा जण काकोरीला उतरले. बिस्मिल, अशफाक, राजेंद्रनाथ लाहिरी, चंद्रशेखर आझाद, शचींद्रनाथ बक्षी, केशव चक्रवर्ती, मन्मथनाथ गुप्त, मुकुंदीलाल, मुरारी शर्मा, बनवारीलाल. वयाने सगळ्यांत मोठ्यांपैकी बिस्मिल, ते अठ्ठावीसचे. आझाद एकोणीसचे. मन्मथनाथ सतरा वर्षांचे.

काकोरी ते चारबाग जेमतेम पंधरा किलोमीटर. मध्ये आलमनगर. जे करायचं ते एवढ्या टप्प्यात.

दिवेलागण

८ डाऊन आली. लाहिरी, अशफाक आणि बक्षी दुसऱ्या वर्गात चढले, कारण साखळी तिथून ओढायची होती. बाकीचे तिसऱ्या वर्गात गर्दीत मिसळले. बिस्मिलनी आधीच बजावलं होतं: गोळ्या हवेत, लोकांना धाक बसण्यापुरत्या. माणसावर हत्यार चालवायचं नाही. ही सूचना ध्यानात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घसरलं.

गाडी सुटली. श्रावण वद्यातली तिथी, चंद्र उशिरा उगवणार, त्यामुळे अंधार लवकर दाटला.

साखळी

काकोरी मागे पडली आणि साखळी ओढली गेली. गाडी शेतांत थांबली. गार्ड चौकशीला उतरला, त्याला जमिनीवर पालथं झोपवलं. दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली. रुळांपासून जरा बाजूला, गवतात उभं राहून दर काही मिनिटांनी गोळीबार. मधूनमधून ओरडून सांगणं, की प्रवाशांनी घाबरू नये, आम्हाला फक्त सरकारी पैसा हवा आहे, कुणी खाली उतरू नये.

बिस्मिलना नंतर कळलं, की गाडीत बंदूकधारी चौदा जण होते, शिवाय दोन सशस्त्र गोरे शिपाईही. कुणी हललं नाही.

पेटी खाली ढकलली. ती फुटेना.

ती मिनिटं

लोखंड जाड, घाव वरवर बसत होते. वेळ चालला होता, आणि वेळ हीच एक गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. तेव्हा अशफाकनी आपलं माउझर पिस्तूल मन्मथनाथच्या हातात दिलं आणि घण उचलला. सगळ्यांत दणकट तेच. घाव बसू लागले, तोंड रुंदावू लागलं. तेवढ्यात समोरून दुसरी गाडी येताना दिसली. ती थांबली असती, तर सारं संपलं असतं. हत्यारं लपवून सगळे स्तब्ध राहिले. ती गाडी निघून गेली आणि घण पुन्हा चालू झाला.

गाडीत अहमद अली नावाचे प्रवासी होते. त्यांची बायको जनाना डब्यात बसली होती. बाहेर गोळ्या वाजताहेत, बायको एकटी आहे, हे माणसाला कसं सोसावं? ते उतरले आणि तिच्या डब्याकडे निघाले. मन्मथनाथच्या हातातल्या पिस्तुलाचा घोडा दाबला गेला. अहमद अली तिथेच कोसळले.

स्वातंत्र्याच्या इतिहासात काकोरीची पानं अभिमानाने लिहिली जातात, तशीच लिहावीत. पण त्या पानांवर अहमद अलींचं नाव आपण भरभर ओलांडतो, ते मला पटत नाही. ते सरकारचे नव्हते, की क्रांतिकारकांचे विरोधक नव्हते. त्यांनी तिकीट काढलं होतं आणि बायकोला एकटं सोडलं नाही, एवढंच.

पिस्तूल अशफाकांच्या हाती राहिलं असतं, पेटी पाच मिनिटं आधी फुटली असती, तर? उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असूनही प्रत्येक वेळी मी या ओळींपाशी अडखळतो.

रात्र

पेटी फुटली. थैल्या चादरींत बांधल्या आणि मंडळी अंधारातून लखनौकडे पायी निघाली. हाती आले सुमारे ४,६०० रुपये. जागेवर एक चादर राहून गेली. ८ डाऊन चारबागला उशिरा लागली. त्या रात्री फलाटावर हमालांना उतरवायला पेटी नव्हती.

सात आठवड्यांनी

चादरीवर धोब्याची खूण होती. तिच्यावरून पोलीस शाहजहाँपूरला पोचले. २६ सप्टेंबर १९२५ला ठिकठिकाणी एकदम धरपकड झाली. गाडीत नसलेलेही त्यात सापडले. पुण्यात पकडले गेलेले रामकृष्ण खत्री बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे. महाराष्ट्रात संघटनेची पाळंमुळं रुजवायची कामगिरी त्यांच्याकडे होती. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढे १९९६ पर्यंत ते लखनौतच राहिले. आझाद मात्र कुणाच्या हाती लागले नाहीत.

खटला लखनौच्या रिंग थिएटरमध्ये चालला, आज जिथे मोठं पोस्ट आहे तिथे. सरकारतर्फे जगतनारायण मुल्ला, आरोपींतर्फे गोविंद वल्लभ पंत, मोहनलाल सक्सेना, चंद्रभानु गुप्त. राजाविरुद्ध कटाची कलमं होतीच. गळ्याशी आलं ते भारतीय दंडसंहितेचं कलम ३९६. पाच किंवा अधिक जण मिळून दरोडा घालत असताना त्यांतल्या एकानेही खून केला, तर प्रत्येकाला फाशी देता येई, असं ते कलम सांगत होतं. हवेत गोळ्या झाडायच्या, माणसावर नाही, या सूचनेला या कलमापुढे काही किंमत नव्हती. एक माणूस मेला होता, आणि तेवढं पुरेसं होतं.

६ एप्रिल १९२७ला निकाल लागला: बिस्मिल, लाहिरी आणि ठाकूर रोशनसिंह यांना फाशी. रोशनसिंह त्या गाडीत नव्हतेच, त्यांच्यावर आधीच्या एका दरोड्याचा ठपका होता. अशफाक दिल्लीत उशिरा सापडले. त्यांच्यावरच्या पुरवणी खटल्यातही तीच शिक्षा झाली. ज्याच्या हातून गोळी सुटली तो मन्मथनाथ अल्पवयीन म्हणून चौदा वर्षांच्या कैदेवर निभावला. अपील फेटाळलं गेलं, दयेचे अर्जही.

फाशीची तारीख १९ डिसेंबर १९२७ ठरली. त्या सकाळी गोरखपुरात बिस्मिल, फैजाबादेत अशफाक आणि अलाहाबादेत रोशनसिंह गेले. चौघांना एका तुरुंगात ठेवायची जोखीम सरकारने घेतली नव्हती. गोंड्याच्या तुरुंगात लाहिरींना दोन दिवस आधीच, १७ तारखेला फासावर चढवलं होतं.