हेल्थ कोच कोर्सची ‘मान्यता’ म्हणजे नक्की काय? मोबाईलवर कशी तपासायची?

‘तीन महिन्यांत सर्टिफाइड हेल्थ अँड वेलनेस कोच बना, घरबसल्या कमवा.’ ही जाहिरात इन्स्टाग्रामवर तुम्हीही पाहिली असेल. वणीतला जिम ट्रेनर असो, पुसदमध्ये बीएस्सी करणारी मुलगी असो किंवा दिग्रसला योगवर्ग घेणाऱ्या ताई असोत, प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: कोर्स मान्यताप्राप्त आहे का? आणि ज्यांना असा कोर्स स्वतःच सुरू करायचा आहे, ते विचारतात की मान्यता मिळवायची कुठून?

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. भारतात ‘हेल्थ कोच’ या नावाने काम करायला डॉक्टर किंवा नर्ससारखी वेगळी सरकारी नोंदणी नाही. त्यामुळे ‘हेल्थ कोचचं सरकारी लायसन्स देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. मान्यता कोर्सला मिळते, संस्थेला मिळते किंवा व्यक्तीला प्रमाणपत्र मिळतं. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण जाहिरातीत तिन्ही एकाच वाक्यात कोंबलेल्या असतात.

मान्यता नसलेले शिक्के

सर्टिफिकेटच्या खालच्या ओळीत लोगोंची रांग असते. त्यातल्या बऱ्याच लोगोंचा कोर्सच्या दर्जाशी काही संबंध नसतो.

‘उद्यम नोंदणीकृत’ म्हणजे फक्त लघुउद्योग म्हणून नोंद. ती कोणीही ऑनलाइन, फुकटात करू शकतो. ‘नीती आयोग नोंदणीकृत’ असं लिहिलं असेल तर बहुतेक वेळा त्या संस्थेचा एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक असतो. स्वयंसेवी संस्थांची ती माहितीनोंद आहे, तिथे अभ्यासक्रम कोणी तपासत नाही. ‘आयएसओ ९००१’ हे कामकाजाच्या पद्धतीचं मानक आहे. आयएसओ ही संघटना स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते काम बाहेरच्या खासगी एजन्सी करतात. आणि ‘इंटरनॅशनल’ हा शब्द तर छापायला काहीच लागत नाही.

मग खरी मान्यता कोण देतं?

कौशल्य अभ्यासक्रमांसाठी देशात सर्वांत वरची संस्था आहे राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद, म्हणजे एनसीव्हीईटी. तिची अधिसूचना डिसेंबर २०१८ ची, काम सुरू झालं २०२० मध्ये. ही परिषद स्वतः वर्ग चालवत नाही. ती ‘अवॉर्डिंग बॉडी’ ना मान्यता देते आणि त्या प्रमाणपत्रं देतात. आरोग्याच्या कामांसाठी हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल आहे, फिटनेससाठी क्रीडा व फिटनेसची वेगळी कौन्सिल आणि ब्युटी-वेलनेससाठी आणखी एक. डाएट असिस्टंट, फिटनेस ट्रेनर, योग प्रशिक्षक अशी कामं या चौकटीत बसतात.

यवतमाळमध्ये केंद्र सुरू करायचं असेल तर स्वतःचा अभ्यासक्रम लिहून थेट दिल्लीला पाठवण्यापेक्षा आधीपासून मंजूर असलेली पात्रता निवडून त्या कौन्सिलशी संलग्न होणं खूप सोपं पडतं. नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हबवरून होते. जागा, साधनं आणि प्रशिक्षकाचं स्वतःचं प्रमाणपत्र तपासलं जातं. महत्त्वाची अट अशी की शिकवणाऱ्यानेच परीक्षा घेऊन पास करायचं नाही, मूल्यमापन वेगळी यंत्रणा करते. ही अट जाचक वाटेल, पण प्रमाणपत्राची किंमत तिच्यामुळेच टिकते. दुसरा रस्ता राज्याचा आहे: महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाची संलग्नता.

योगाकडून येणाऱ्यांसाठी आयुष मंत्रालयाचं योग सर्टिफिकेशन बोर्ड आहे, आणि माझ्या मते तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला सगळ्यात व्यवहार्य पर्याय हाच. ते व्यक्तीची परीक्षा घेतं आणि संस्थेलाही मान्यता देतं. योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर ही पायरी २०० तासांची. त्यापुढची योग वेलनेस इन्स्ट्रक्टर, ४०० तासांची. आता तीन महिन्यांच्या वीकेंड कोर्सचे तास मोजा. शनिवार-रविवार दोन-दोन तास धरले तरी पन्नासच्या आसपास होतात.

पदवी हवी असेल तर ती फक्त कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ किंवा तशा अधिकाराची संस्थाच देऊ शकते. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत. आणखी एक लक्षात ठेवा: अन्न व पोषण, क्लिनिकल न्यूट्रिशन, मानसशास्त्र या विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद केले आहेत. ‘घरबसल्या डाएटिशियन डिग्री’ म्हणणाऱ्याला हेच विचारा.

परदेशी मान्यतेचं काय?

अमेरिकेत नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंग ही संस्था कोर्स मंजूर करते. मंजूर कोर्समध्ये प्रत्यक्ष कोचिंग करून दाखवावं लागतं आणि ते तपासलं जातं. कोर्स संपला तरी तुम्ही बोर्ड-प्रमाणित होत नाही. त्यासाठी किमान ५० कोचिंग सत्रांची नोंद ठेवावी लागते आणि वेगळी परीक्षा द्यावी लागते, तीही इंग्रजीतून. दुसरी संस्था इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन. तिच्या लेव्हल १ ला किमान ६० तास आणि लेव्हल २ ला किमान १२५ तास लागतात, पण ती कोचिंगचं कौशल्य तपासते, आरोग्याचं ज्ञान नाही. दोन्ही चांगल्या आहेत, मात्र यवतमाळमध्येच क्लायंट घ्यायचे असतील तर एवढा खर्च निघेल का, हा हिशेब आधी कागदावर करा.

मोबाईलवर पाच मिनिटांत तपासणी

संस्थेकडून दोन गोष्टी मागा: पात्रतेचा कोड आणि अवॉर्डिंग बॉडीचं नाव. मग नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरवर तो कोड शोधा. तिथे कोर्सचे तास, स्तर आणि मंजुरी कधीपर्यंत आहे ते दिसतं. मुदत संपलेली असेल तर प्रवेश घेऊ नका. कोड द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

सर्टिफिकेटवर क्यूआर कोड असतो म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. स्कॅन केल्यावर पत्ता वाचा. तो त्या क्लासच्याच वेबसाइटवर नेत असेल तर त्यांनी स्वतःच स्वतःला खरं म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. सरकारी पत्त्याचा शेवट बहुतेक वेळा ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो. फक्त मध्ये कुठेतरी ‘जीओव्ही’ अक्षरं दिसली तर फसू नका. प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये येणार का, हेही विचारा. मात्र तुम्ही स्वतः अपलोड केलेला फोटो आणि संस्थेने जारी केलेलं दस्तऐवज तिथे वेगवेगळं दिसतं.

सर्टिफिकेट मिळालं, आता रील टाकू?

टाका, पण जपून. ऑगस्ट २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आरोग्य-फिटनेस तज्ज्ञ म्हणून माहिती देताना मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र असल्याचं सांगावं लागतं. तज्ज्ञ म्हणून मिरवणाऱ्या इन्फ्लुएन्सरने हा सल्ला डॉक्टरांना पर्याय नाही, हेही स्पष्ट करायचं असतं. झोप, चालणं, पाणी, सवयी यावर बोला. शुगरची गोळी बंद करायला सांगणं किंवा सिकलसेलवर ‘डिटॉक्स’ देणं हे कोचचं काम नाही. राज्यात नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कोच ही पाटी त्यातून वाचवत नाही.

फी भरून झाली आणि मान्यता खोटी निघाली तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती आणि चॅट डिलीट करू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून दाद मागता येते. पैसे घेऊन नंबरच बंद केला असेल तर ती ऑनलाइन फसवणूक आहे, तेव्हा लगेच १९३० वर फोन करा.