दावोस : करारांच्या आधीचं गाव

दर जानेवारीत आपल्या वर्तमानपत्रांत एक गाव ठरल्यासारखं येतं. मुख्यमंत्री दावोसला निघाले, दावोसमध्ये अमुक लाख कोटींचे सामंजस्य करार झाले, विरोधकांनी गेल्या वर्षीच्या करारांचा हिशेब मागितला. फोटोत मागे बर्फ, पुढे कोट घातलेली माणसं आणि मधे फाइल. आम्ही दोघं जूनमध्ये तिथे गेलो तेव्हा, खरं सांगायचं तर, आमच्याही डोक्यात तेवढंच होतं. गाडीतून उतरलो आणि पहिली नजर गेली ती छपरांवर. स्वित्झर्लंड म्हटलं की उतरतं लाकडी छप्पर डोळ्यांपुढे येतं. इथे बहुतेक मोठ्या इमारतींची छपरं सपाट, आणि दक्षिणेकडच्या बाजूला मजल्यावर मजले नुसत्या गॅलऱ्या. गिरगावातल्या चाळीची आठवण यावी अशा. एवढ्या थंडीच्या गावात प्रत्येक खोलीला उघडी गॅलरी कशाला, बरं?

आज आपण याच गॅलऱ्यांचा इतिहास पाहणार आहोत.

दावोस साधारण १५६० मीटर उंचीवर, ग्राउब्युंडेन प्रांतात आहे. तेराव्या शतकात वाल्सर लोक इथे येऊन राहिले. पुढची पाचसहाशे वर्षं गाई, गवत आणि चीज. तिथे १८५३ मध्ये आलेक्झांडर श्पेंगलर नावाचा तरुण डॉक्टर सरकारी वैद्य म्हणून आला. हा मूळचा जर्मनीतल्या मानहाइमचा. १८४९ च्या उठावात भाग घेतला, हरला, पळून झुरिकला आला आणि तिथे वैद्यक शिकला. म्हणजे गावाचं नशीब बदलणारा माणूस हौसेने आलेला नव्हता. मिळाली ती नोकरी त्याने धरली होती.

त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. गावात क्षय जवळजवळ नाहीच. उलट बाहेरगावी कामाला गेलेले आणि तिथे क्षय लागलेले दावोसकर घरी परतले की सुधारतात. त्या काळच्या वैद्यकाचा कल याच्या अगदी उलट होता. क्षयरोग्याने हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या उबदार किनाऱ्याला जावं, थंडीपासून पळावं, असा सल्ला असे. ८ फेब्रुवारी १८६५ रोजी, ऐन बर्फात, दोन जर्मन रोगी दावोसला पोचले. एक फ्रीडरिख उंगर, स्वतः डॉक्टर; दुसरे हुगो रिश्टर, पुस्तकविक्रेते. दोघंही सुधारले. आमच्या मते दावोसच्या हिवाळी पर्यटनाचा वाढदिवस हाच. स्की नाही, स्केट नाही; खोकणारे दोन पाहुणे.

मग विलेम यान होल्सबूर आला. हा डच. १८६७ मध्ये आजारी बायकोला घेऊन आला. ती वाचली नाही, पण तो राहिला. श्पेंगलरबरोबर त्याने कुरहाउस, म्हणजे उपचारगृह आणि हॉटेल एकत्र, असं काढलं. पुढे रेल्वेच्याही मागे लागला आणि १८९० मध्ये गाडी दावोसपर्यंत आणून सोडली. आम्ही ज्या मार्गाने गेलो तो हाच. बायको गेलेल्या गावात माणूस उरलेलं आयुष्य का घालवतो, याचं उत्तर कागदपत्रांत सापडत नाही. ते प्रत्येकाने आपापल्या परीने समजून घ्यावं.

उपचार काय होता? सुरुवातीला भरपूर दूध, थोडी वाइन, थंड पाण्याचे फवारे, डोंगरात चालणं. १८८२ मध्ये कॉखने जंतू शोधला, पण औषध सापडलं नाही. १८८९ मध्ये डॉ. टुर्बान यांनी कडक शिस्तीचं आरोग्यधाम उघडलं आणि मग गॅलरीत पडून राहणं हाच उपचार झाला. रोज तासन् तास, गोधड्यांत गुंडाळून, उघड्या हवेत. त्यासाठी त्या दक्षिणेच्या गॅलऱ्या. हवापालटाचा हा विचार आपल्याकडेही आला, पाचगणी आणि मिरजेची आरोग्यधामं त्याच घराण्यातली.

आता खेळाकडे वळू. रोगी पडून राहायचे, पण त्यांच्याबरोबर आलेले नवरे, भाऊ, मुलं? त्यांनी महिनोन् महिने करायचं काय? आणि थोडं बरं वाटणाऱ्यांनी? गावकऱ्यांकडे लाकूड, गवत ओढायच्या घसरगाड्या होत्याच. जॉन ॲडिंग्टन सायमंड्स हा प्रबोधनकाळाचा इंग्रज इतिहासकार १८७७ मध्ये फुफ्फुसं घेऊन इथे आला होता (निघाला होता इजिप्तला!). १८८३ मध्ये क्लोस्टर्सकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जी आंतरराष्ट्रीय घसरगाडी शर्यत झाली, तिच्यामागे तो होता. पहिला नंबर विभागून गेला : एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी आणि एक क्लोस्टर्सचा पोस्टमन. पोस्टमनला सरावाची काय गरज, रोजचाच रस्ता! त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. चार वर्षांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या पुण्यात क्षयानेच गेल्या. हे सांगायचं कारण एवढंच की आपण खेळाचा इतिहास वाचताना आजार किती जवळ होता हे विसरतो.

स्कीचंही तेच. आर्थर कॉनन डॉयल दावोसला आले ते बायकोच्या क्षयासाठी. शेरलॉक होम्सला त्यांनी नुकतंच, स्वित्झर्लंडमधल्याच एका धबधब्यात, ढकलून दिलं होतं. गावात ब्रांगर नावाचे भाऊ नॉर्वेहून आलेल्या लाकडी फळ्या पायाला बांधून घसरायला शिकत होते. लोक हसतात म्हणून अंधार पडल्यावर. मार्च १८९४ मध्ये या भावांबरोबर डॉयल डोंगर ओलांडून आरोसाला पोचले, आणि डिसेंबरमध्ये त्यांनी त्यावर 'स्ट्रँड' मासिकात लेख लिहिला. इंग्रज वाचकांना स्कीची गोडी लागली त्यात या लेखाचा मोठा वाटा. काही महिनेच उरलेत असं डॉक्टर ज्यांच्याबद्दल म्हणाले होते, त्या लुईझा डॉयल १९०६ पर्यंत जगल्या.

पुढचं भराभर सांगतो. १९२३ मध्ये श्पेंगलरच्या मुलाने आइस हॉकीचा चषक ठेवला. महायुद्धात लढलेल्या देशांची मुलं पुन्हा एका मैदानावर यावीत म्हणून. १९३४ मध्ये बोल्गेनच्या उतारावर स्कीवाल्यांना दोराने वर ओढणारी लिफ्ट आली. आणि १९४३ मध्ये, पार अमेरिकेत, स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. रोग्यांसाठी वरदान, दावोससाठी धंदा बसायची वेळ. आरोग्यधामं एकेक करून हॉटेलं झाली. बर्फ होता, रेल्वे होती, खाटा होत्या, गॅलऱ्या होत्या. गिऱ्हाईक तेवढं बदललं. १९७१ पासून जमणारी उद्योगपतींची आणि मंत्र्यांची परिषदही याच रिकाम्या खाटांच्या हिशेबात बसते, असं आमचं मत.

आम्ही शाट्झआल्पला गेलो. सप्तशृंगगडावर आहे तशी फ्युनिक्युलर गाडी वर नेते. वरचं हॉटेल १९०० मध्ये उघडलेलं आरोग्यधाम. थोमास मान यांच्या १९२४ च्या कादंबरीत असं येतं की हिवाळ्यात इथली प्रेतं घसरगाडीवरून खाली नेत. कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे, त्यामुळे आम्ही ते खरं धरत नाही. पण एकदा वाचलं की डोक्यातून जात नाही. हॉटेलला लागूनच उन्हाळी घसरगाडीचा मार्ग आहे. जूनमध्ये बर्फ कुठला, धातूच्या पन्हाळीतून घसरायचं. पोरं ओरडत खाली जात होती. वरच्या गॅलरीत लाकडी आरामखुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ पाय पांघरुणात घालून उन्हात झोपले होते. त्यांना काही झालेलं नव्हतं, सुट्टीवर आले होते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.