न आलेला मासा

आमच्या गावच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी एक समुद्रबगळा येतो. अंगाने काळसर राखी, गळ्याशी पांढरा ठिपका, आणि उभे राहण्याची ऐट अशी की जणू खाडीचा सातबारा त्याच्याच नावावर आहे! गेल्या दिवाळीच्या सुटीत पुतण्या घरी आला, त्याने आपला कॅमेरा माझ्या हाती दिला, आणि या बगळ्याची मासा पकडतानाची छबी घ्यायचीच असा हट्ट मी धरून बसलो. पहिल्या दिवशी मिळाली बगळ्याची पाठ. दुसऱ्या दिवशी नुसते पाणी. तिसऱ्या दिवशी मासा गिळून झाल्यावरचा त्याचा तृप्त चेहरा. चौथ्या दिवशी चिखलात उकिडवा बसून माझे गुडघे धरले, तेव्हा खांद्यावर जाळे टाकून चाललेला कोळी थबकला आणि म्हणाला, "गुरुजी, बगला कोन नि तुमी कोन, वलखू येत नाय!"

मी हसलो खरा; पण ते बोलणे मनात राहिले. इतकी वर्षे मी वर्गात शिकवीत आलो आहे की, 'बकध्यान' म्हणजे ढोंग. पंचतंत्रातल्या त्या लबाड बगळ्याने साऱ्या जातीला कायमचे बदनाम करून ठेवले आहे. आणि इथे चार सकाळी मी पाहत होतो, तर त्या प्राण्याच्या उभे राहण्यात ढोंगाचा लवलेश नव्हता. होते ते निव्वळ लक्ष.

बगळ्याचे काम दिसते तितके सोपे नाही. त्याच्या मानेतला सहावा मणका लांबट असतो. त्यामुळे मान नागमोडी दुमडून धरता येते आणि क्षणात बाणासारखी सोडता येते. पण नुसत्या वेगाने मासा मिळत नाही. वाटीच्या तळाशी नाणे ठेवून ते दिसेनासे होईपर्यंत मागे सरा आणि कुणाला तरी वाटीत पाणी ओतायला सांगा. नाणे पुन्हा दिसू लागते. पाण्यातली वस्तू असते त्याहून वर दिसते, हा धडा आम्ही मुलांना देतो. मासाही बगळ्याला असा चुकीच्याच जागी दिसतो. तरी चोच पडते ती मासा जिथे खरोखर असतो तिथे! गादी कात्झिर आणि नेथन इन्ट्रेटर या इस्रायली संशोधकांनी १९८७ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यासाठी जो पक्षी निवडला तो हाच समुद्रबगळा, आपल्या कोकणकिनाऱ्यावरच्या जातीचा. पाण्याने घातलेला भ्रम हा पक्षी मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो, असे त्यांना आढळले. आमच्या वर्गात हे गणित कागदावरही सगळ्यांना सुटत नाही.

असला हा क्षण चित्रात पकडण्याची उमेद माणसाला कधीपासून वाटू लागली, याचा शोध घ्यावा म्हणून मी सुटीची उरलेली संध्याकाळ संध्याकाळ वाचनात घालवली. हाती लागला तो इतिहास मोठा गमतीचा, आणि पुढे पुढे काळीज हलवणारा निघाला.

रानपक्ष्याच्या अगदी आरंभीच्या छायाचित्रांत एका करकोच्याचे नाव घेतात. बॉस्टनच्या हेविन्स नावाच्या गृहस्थाने १८७० साली स्ट्रासबर्ग येथे घरट्यावरच्या पांढऱ्या करकोच्याची छबी घेतली. करकोचाच का, तर तो उभा राहतो! त्या काळच्या काचेवरच्या छायाचित्राला हलणारा जीव मानवत नसे.

हलणाऱ्या पक्ष्याला गाठले ते फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने. १८८२ साली त्याने एक बंदूक केली. दस्ता, नळी, चाप, सगळे बंदुकीसारखे. पण चाप ओढला की गोळी सुटायची नाही, सेकंदाला १२ छायाचित्रे निघायची. इटलीत नेपल्सजवळ तो ही बंदूक घेऊन पाखरांवर नेम धरीत हिंडे आणि एकही पाखरू न मारता घरी परते. तिथले लोक त्याला वेडा समजत, असे सांगतात. मला वाटते, बंदुकीच्या साऱ्या इतिहासात इतकी निरुपद्रवी बंदूक दुसरी झाली नसेल.

इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांची तऱ्हा आणखी निराळी. यॉर्कशरमधली ही खेड्यातली मुले. १८९२ साली त्यांनी एका कस्तूर पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवर एक ग्रंथ काढला; त्यातली सारी चित्रे प्रत्यक्ष रानात घेतलेली छायाचित्रे होती. पाखरे माणसाला पाहून उडतात, बैलाला पाहून उडत नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि कातडे भरलेला एक पोकळ बैल करवून घेतला. एकाने कॅमेऱ्यासह बैलाच्या पोटात शिरायचे! एकदा हा बैल कलंडला, आणि आतले बंधुराज पाय आभाळाकडे करून, भाऊ सोडवायला येईपर्यंत तसेच अडकून राहिले. माझ्या धरलेल्या गुडघ्यांची मला लाज वाटली.

पण ज्या वर्षांत हे वेडे लोक पाखरांवर रिकामी बंदूक रोखत होते, त्याच वर्षांत भरलेल्या बंदुकाही निघाल्या होत्या. विणीच्या दिवसांत पांढऱ्या बगळ्याच्या पाठीवर रेशमाच्या धाग्यांसारखी पिसे फुटतात. युरोप-अमेरिकेच्या बायकांच्या टोप्यांवर ही पिसे मिरवण्याची रीत पडली होती. फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने १८८६ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांत फिरता फिरता ७०० टोप्या मोजल्या, तर त्यांतल्या ५४२ टोप्यांवर पिसे होती. १९०२ साली लंडनच्या बाजारात बगळ्याच्या पिसांची १,६०८ पुडकी विकली गेली; पुडक्याचे वजन ३० औंस. एका औंसाला चार पक्षी मारावे लागत. हे गणित मी फळ्यावर घातले. मुलांनी पटापट उत्तर काढले: १,९२,९६०. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "गुरुजी, आणि त्यांची पिल्ले?"

हाच प्रश्न कॅमेऱ्याने जगाला विचारला होता. पिसे फुटतात ती विणीतच. म्हणजे मारला जाणारा प्रत्येक बगळा कुणाचा तरी बाप नाही तर आई असे. १९०६ साली ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या मथूरा गावाजवळ आर्थर मॅटिंग्ले नावाचा पक्षिप्रेमी बगळ्यांच्या वसाहतीची छायाचित्रे घ्यायला गेला. पाण्यात उभ्या असलेल्या उंच झाडांवर घरटी होती. आईबाप मासे घेऊन येत होते आणि पिल्लांना भरवीत होते. काही आठवड्यांनी तो पुन्हा गेला, तेव्हा पाण्यावर पिसे उपटलेल्या बगळ्यांची प्रेते तरंगत होती; निदान पन्नास. आणि वर घरट्यांत पिल्ले जिवंत होती. एखादा बगळा जवळून उडत गेला की ती माना उंच करीत, चोची उघडीत. त्यांना वाटे, मासा आला.

मॅटिंग्लेने ते टिपले. पुढच्या वर्षी ती छायाचित्रे ऑस्ट्रेलियातल्या पक्षितज्ज्ञांच्या 'एमू' नियतकालिकात आली आणि तेथून लंडनला पोचली. तिथे पाखरांसाठी झगडणारी एक संस्था होती. एमिली विल्यमसन या बाईने १८८९ साली पिसांच्या फॅशनविरुद्ध आपल्या घरी सुरू केलेल्या मंडळातून ती वाढली होती. या संस्थेने १९११ च्या जुलैत, जिथे टोप्यांची दुकाने त्याच लंडनच्या रस्त्यांतून, पाठीपोटावर फलक बांधलेली माणसे फिरवली. फलकांवर चित्रकथा होती: बगळा, त्याचे घरटे, त्याचा मृत्यू, उपाशी पिल्ले. दहा वर्षांनी, १९२१ साली, ब्रिटनने पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा केला.

आपला देशही या कथेबाहेर नव्हता. हिंदुस्थान सरकारने पाखरांच्या पिसांच्या निर्यातीला १९०२ सालीच मनाई केली होती. तरी विसाव्या शतकाच्या आरंभी सिंधमध्ये बगळे पिंजऱ्यात पाळून त्यांची पिसे काढण्याचा धंदा चाले. आणि भरतपूरला, जिथे आज लोक करकोच्यांची मासेमारी टिपायला कॅमेरे घेऊन जातात, तिथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. शिकारींचे हे आकडे तिथल्या शिळेवर कोरलेले आहेत. १९५६ साली ते पक्ष्यांचे अभयारण्य झाले आणि १९८५ साली जागतिक वारसा ठरले.

आज पुतण्याचा कॅमेरा मारेच्या बंदुकीहून चपळ आहे. चोचीतला मासा, माशाच्या शेपटीवरचा थेंब, सगळे चित्रात येते. अशी सुंदर छायाचित्रे आता हजारोंनी निघतात, आणि मला ती आवडतात. पण मासेमार पक्ष्यांच्या ज्या छायाचित्राने कायदा बदलायला हात लावला, त्यात मासाच नव्हता. आभाळाकडे चोची उघडलेली पिल्ले होती, आणि न आलेला मासा होता.

पाचव्या सकाळी मी शेवटचा खाडीवर गेलो. आमच्या खाडीचा अलीकडचा काठ गेल्या दोन वर्षांत भरावाखाली गेला आहे. समुद्रबगळा त्या दिवशी भरावाच्या कडेला उभा होता; पूर्वी तिथे ओहोटीचे पाणी साचे आणि बोटभर लांबीचे मासे अडकत. तो बराच वेळ उभा राहिला. मीही बसून राहिलो. चोच काही पाण्याकडे गेली नाही, कारण तिथे पाणीच नव्हते. मग तो पंख पसरून पैलतीराला निघून गेला.

तेवढे एक छायाचित्र बरे आले. पुतण्या म्हणाला, "काका, यात काहीच घडत नाही." मी ते मोठे करून घेतले आणि वर्गात लावले आहे. त्याच्याखाली उभा राहून आता मी 'बकध्यान' शिकवतो. शब्दकोशातला अर्थ सांगतोच. परीक्षेला तो लागतो. मग मुलांना विचारतो, हा बगळा कशाची वाट पाहत असेल बरे?