साठ वर्षांची अट

दिल्लीच्या प्रगती मैदानात आज ‘भारत मंडपम्’ हे भव्य संमेलन केंद्र उभे आहे. २०२३च्या सप्टेंबरमध्ये जी-२० परिषद तिथेच भरली. पूर्वी या मैदानात ‘हॉल ऑफ नेशन्स’ नावाचे प्रदर्शनाचे दालन होते. त्याच्यावरून झालेला वाद मला अजून सलतो.

स्वातंत्र्याची २५ वर्षे झाली तेव्हा, १९७२च्या ‘एशिया ७२’ व्यापार प्रदर्शनासाठी ते बांधले गेले. वास्तुविशारद राज रेवाल, अभियंता महेंद्र राज. असा सांगाडा एरवी पोलादाचा करतात; पण पोलाद महाग आणि दुर्मीळ. मग तो काँक्रीटचाच केला. मजुरांनी परांचीवर चढून, घमेली वाहून, एकेक सांधा जागेवरच ओतला. या टोकापासून त्या टोकापर्यंत मध्ये एकही खांब नाही! यंत्रयुगातली हस्तकलाच म्हणा ना.

नव्या केंद्राच्या आराखड्यात या दालनाला जागा नव्हती. दोन्ही शेजारी नांदू शकतील, असे वास्तुविशारद परोपरीने सांगत होते. सरकारचे म्हणणे, आधुनिक, मोठी जागा हवी. तेही खोटे नव्हते. पण घोडे अडले वयापाशी. साठ वर्षांखालील इमारतीचा वारसा म्हणून विचारच करायचा नाही, असे दिल्लीच्या वारसा समितीने ठरवले. दालनाचे वय ४५. (गझलेला दाद देताना तिचे वय कोण विचारतो?) उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. २३ एप्रिल २०१७च्या रविवारी रात्री बुलडोझर आले. सोमवारी तिथे नुसता राडारोडा होता.